फुल बॉडी हार्नेस आणि दुहेरी लॅनयार्ड: किट चोख, पण हूक अडकवायचा कुठे?

साइटवर ज्याला सगळे सरसकट ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणतात, त्या फुल बॉडी हार्नेसचं हे परीक्षण आहे. कुठल्या एका मॉडेलचं नाही. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात टॉवरच्या कामांवर साधारणपणे जे किट खरेदी होतं, त्याचं: पाठीवर डी-रिंग (इंग्रजी डी आकाराची कडी) असलेला हार्नेस, त्याला जोडलेली दोन फाट्यांची लॅनयार्ड म्हणजे हूक लावायची आखूड पट्टी, मध्ये धक्का शोषणारा शॉक ॲब्झॉर्बर आणि टोकांना दोन मोठे स्कॅफोल्डिंग हूक. करम, उद्योगी, थ्रीएम, हनीवेल अशा नावांखाली ते मिळतं आणि हार्डवेअरच्या बाजारात बिननावाचंही मिळतं. नुसता साधा हार्नेस हजाराच्या आत येतो. ॲब्झॉर्बर आणि मोठे हूक जोडले की बिल दुपटी-तिपटीवर जातं, आणि पर्चेसवाल्यांचा हात नेमका तिथेच आखडतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्रमाणित किट घेतलं तर वस्तू म्हणून तक्रारीला फारशी जागा नाही. घोळ होतो तो किटच्या पिशवीबाहेर. हूक कशात अडकवायचा हे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुख्य ठेकेदार यांच्यापैकी कुणीच ठरवलेलं नसतं, आणि तो निर्णय शेवटी स्लॅबच्या कडेला उभ्या असलेल्या शटरिंगच्या कारागिरावर येऊन पडतो. म्हणून इथे किटच्या जोडीने या मंडळींचंही परीक्षण आलं आहे.

आधी वस्तू. हार्नेसच्या पट्ट्या बहुतेक पॉलिएस्टरच्या, साधारण ४५ मिलिमीटर रुंद. शिलाईचा दोरा पट्टीपेक्षा वेगळ्या रंगाचा असावा. हा शोभेचा भाग नाही. टाका उसवला तर लांबूनही दिसावा म्हणून ती सोय असते. पट्टी आणि दोरा एकाच रंगाचे असतील तर तो हार्नेस घेऊच नका. पाठीवरची डी-रिंग दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये बसली पाहिजे. ती कमरेकडे घसरली असेल तर पडल्यावर माणूस पुढे वाकून लटकतो, मानेजवळ चढली असेल तर पट्टा गळ्याशी येतो. छातीची पट्टी छातीच्या मध्यावर. मांड्यांच्या पट्ट्यांची चाचणी सोपी आहे: सपाट पंजा आत जावा, मूठ जाऊ नये. दिवसभर उकाड्यात काम करणारा माणूस या पट्ट्या ढिल्या सोडतो, आणि ढिल्या पट्टीचा धक्का थेट जांघेत बसतो. स्वस्त किटांत मांडीला गादी नसते. तेवढ्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी घालावेत, कारण जो हार्नेस टोचतो तो जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा अंगावर चढत नाही.

आकाराकडेही लक्ष द्या. ‘फ्री साइज’ म्हणून आलेल्या मालात किरकोळ अंगाच्या माणसाच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढूनही सैल राहतात. ऑर्डर देताना निदान दोन साइझ मागवा.

कमरेचा जुना पट्टा काही दुकानांत अजूनही ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणूनच विकला जातो. पडणाऱ्या माणसाला झेलायला तो चालत नाही. सगळा धक्का पोटावर आणि मणक्यावर येतो, आणि माणूस उलटा झाला तर पट्ट्यातून निसटूही शकतो. साइटच्या स्टोअरमध्ये असा एखादा पडलेला असेल तर आजच बाहेर काढा. पडून राहिलेली वस्तू घाईच्या दिवशी हटकून वापरली जाते.

लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. भारतीय मानक आयएस ३५२१. युरोपीय मानकं असतील तर हार्नेसला ईएन ३६१, ॲब्झॉर्बरला ईएन ३५५, हुकांना ईएन ३६२. यातलं एक लेबलवर आहे म्हणजे तिन्ही आलेच असं नाही, प्रत्येक भागावर आपापला क्रमांक हवा. जोडीला बनवल्याचा महिना-वर्ष आणि सीरियल नंबर. आयएसआय खूण असेल तर तिच्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून पाहा. परवाना कुणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते तिथे कळतं. सीरियल नंबर नसलेल्या हार्नेसची तपासणी नोंदवता येत नाही, आणि नोंद नसलेली तपासणी चौकशीत झाली नाही असंच धरलं जातं.

आता लॅनयार्ड. किटमधला सगळ्यात हुशार भाग म्हणजे ॲब्झॉर्बर. छोट्याशा पाकिटात घडी घालून शिवलेली पट्टी असते. धक्का बसला की तिचे टाके क्रमाने फाटत जातात, पट्टी उलगडते, आणि अंगावर येणारा जोर कमी होतो. ईएन ३५५ प्रमाणे १०० किलोच्या वजनाने चाचणी घेताना हा जोर ६ किलोन्यूटनच्या (ढोबळमानाने ६०० किलो वजनाच्या ओढीच्या) आत राहावा लागतो. ॲब्झॉर्बर नसलेली साधी दोरी याच्या कितीतरी पट धक्का देते. दोरी तुटत नाही, आतला माणूस मोडतो.

पण उलगडायला जागा लागते, आणि साइटवर सहसा कुणी न मांडणारं गणित ते हेच. लॅनयार्ड ॲब्झॉर्बरसह जास्तीत जास्त २ मीटर. ॲब्झॉर्बर पूर्ण उघडला तर आणखी १.७५ मीटर. डी-रिंगपासून पायांपर्यंत साधारण १.५ मीटर. शिवाय पायांखाली १ मीटर मोकळी जागा राखीव. बेरीज ६.२५ मीटर, आणि ती मोजायची हूक लावलेल्या जागेपासून खाली. आपल्या इमारतींत स्लॅब ते स्लॅब ३ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ६ मीटरवरच्या स्लॅबच्या कडेला पायाशी हूक लावून काम करणारा माणूस कागदोपत्री सुरक्षित आहे, पण पडला तर जमिनीला टेकण्याचीच शक्यता जास्त. पहिल्या स्लॅबवर तर या किटचा काही उपयोगच नाही. तोच हूक पायांपासून २ मीटर उंच, डोक्यावर लावला तर पायाखाली ४.२५ मीटर पुरतात; प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण पडणं लहान असलं की ॲब्झॉर्बर पूर्ण उघडत नाही. तात्पर्य, हूक जितका वर तितकं बरं, आणि खालच्या दोन-तीन मजल्यांना दुसरा उपाय. एक तर कडेला सरळ रेलिंग: वरचा पाइप साधारण एक मीटरवर, मध्ये एक पाइप, खाली टो-बोर्ड (पायाशी आडवी फळी). नाहीतर लॅनयार्डची लांबीच इतकी कमी ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. हा दुसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तिसरा पर्याय डोक्यावर टांगायचा, दोर आपोआप आत ओढून घेणारा रिट्रॅक्टेबल ब्लॉक. झटका बसताच तो लगेच पकडतो, पण स्लॅबवर आडवा टाकून वापरायचा असेल तर धारदार कडेसाठी चाचणी झालेलाच घ्यावा. नाहीतर काँक्रीटची कड दोर कापते.

दोन फाटे कशासाठी, हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं. परांचीवरून पुढे सरकताना एक हूक पुढे लावायचा, मगच मागचा काढायचा. एका क्षणालाही दोन्ही हूक मोकळे नकोत. इथे एक बारीक खोच आहे. मोकळा हूक लोंबकळतो म्हणून कामगार तो हार्नेसच्या बाजूच्या मजबूत रिंगेत अडकवतो. दिसायला नीटनेटकं, पण पडल्यावर जोर त्या दुसऱ्या फाट्यातून थेट शरीराकडे जातो आणि ॲब्झॉर्बर उघडतच नाही. मोकळ्या हुकासाठी छातीपाशी कमजोर, ओढ बसली की सुटणारा लूप असतो, तो त्याच कामाचा. ज्या किटात असा लूप नाही त्याचे गुण कापा.

बाकी चुका नेहमीच्याच. पाइपला लॅनयार्डचा वेढा देऊन हूक त्याच पट्टीवर अडकवणं: हुकाच्या दाराला आडवा दाब येतो आणि पट्टी कापली जाते. लांबी वाढवायला दोन लॅनयार्ड एकापुढे एक जोडणं: पडण्याचं अंतर वाढतं आणि वरच्या गणिताचे बारा वाजतात. लांबी कमी करायला गाठ मारणं: गाठीपाशी ताकद निम्म्यावर येऊ शकते.

आता मूळ प्रश्न, हूक अडकवायचा कुठे. चालू बांधकामावर हात पुरेल तिथे काय काय असतं? कॉलमचे स्टार्टर बार (वर सोडलेल्या उभ्या सळ्या): त्यांचं वरचं टोक उघडं, हूक वर सरकून निघून जातो. शटरिंगचे जॅक: ते उभ्या दाबासाठी असतात, आडव्या ओढीने कोसळतात आणि सोबत शटरिंगच्या फळ्याही आणतात. बांधणीच्या तारेने आवळलेली तात्पुरती रेलिंग: ती माणसाने टेकायच्याही लायकीची नसते. इमारतीला न बांधलेली परांची: ती माणसासकट यायची. खिडकीची चौकट, प्लंबिंगचा पाइप, लिफ्टच्या डक्टमधली आडवी फळी ही यादी कितीही वाढवता येईल. युरोपीय ईएन ७९५ मानकात एका माणसासाठीच्या लोखंडी अँकरची (हूक अडकवायच्या पक्क्या जागेची) चाचणी १२ किलोन्यूटनला होते, म्हणजे ढोबळमानाने सव्वा टन वजन टांगून बघण्यासारखं; अमेरिकी नियम प्रत्येक माणसामागे सुमारे २२ किलोन्यूटन मागतो. वरच्या यादीतलं काहीही या कसोटीला उतरत नाही.

त्यामुळे अँकर आधी आखावाच लागतो. स्लॅब भरण्याआधी बीममध्ये किंवा कॉलममध्ये लोखंडी लूप सोडणं, कॉलमला वेढा घालायच्या पट्ट्या ठेवणं, किंवा दोन कॉलमांमध्ये तारेची लाइफलाइन (हूक अडकवायची आडवी तार) ताणणं. हे ड्रॉइंगवर आलं तर खर्च नगण्य. राहिलं तर नंतर ड्रिल मारून केमिकल अँकर (चिकट रसायनाने बसवलेला बोल्ट) लावत बसायचं आणि त्याची पुल-टेस्ट, म्हणजे ओढून चाचणी, करायची. कायदाही हेच म्हणतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याची जागा घेणारी व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ८ मध्ये आर्किटेक्ट, प्रोजेक्ट इंजिनिअर आणि डिझायनर यांच्यावर नियोजनाच्या टप्प्यातच कामगारांच्या सुरक्षेचा विचार करण्याचं कर्तव्य टाकलं आहे, आणि पुढच्या देखभालीतले विशेष धोकेही त्यांनीच लक्षात घ्यायचे आहेत. काचेचा मोठा दर्शनी भाग काढताना तो पुढची तीस वर्षं कोण, कुठून टांगून पुसणार, हे ड्रॉइंगवर दिसलं पाहिजे. गच्चीच्या कठड्यामागे चार लूप सोडायला वास्तुशिल्पाचं सौंदर्य आड येत नाही. तरीही इतक्या ड्रॉइंगांत ते नसतात, हे आर्किटेक्ट मंडळींचे गुण कापायला पुरेसं आहे.

तारेच्या लाइफलाइनबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगल्या साइटवरही तीच चुकते. तार जितकी तंग, तितका मधल्या ओढीचा टोकांवर येणारा जोर मोठा. अगदी सरळ ताणलेली तार टोकाच्या अँकरवर माणसाच्या धक्क्याच्या अनेक पट ओढ आणते. थोडा झोल ठेवावाच लागतो, आणि त्या झोलामुळे खाली लागणारी मोकळी जागा वाढते, ती वरच्या ६.२५ मीटरमध्ये मिळवायची. क्लिपा उलट्या बसवणं हा दुसरा रोग. यू-बोल्टचा भाग तारेच्या मोकळ्या, आखूड टोकावर यायला हवा आणि खोगीर (क्लिपेचा खाचेचा भाग) भार घेणाऱ्या लांब तारेवर. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चिरडतो. १२ मिलिमीटरच्या तारेला प्रत्येक टोकाला किमान तीन क्लिपा, आत थिंबल (तारेचा वळसा जपणारी लोखंडी खोबण), आणि पहिल्यांदा ताण दिल्यावर नट पुन्हा आवळायचे. तीनपैकी एक सुलट, दोन उलट असं चित्र दिसलं तर समजा की लाइन लावणाऱ्याला काम दाखवलं गेलं, शिकवलं गेलं नाही. एका लाइनवर किती माणसं, हे डिझाइनमध्ये ठरतं आणि टोकाशी पाटीवर लिहिलेलं असावं. आणि लाइनपासून बाजूला फार लांब जाऊन काम करू नये. पडला तर माणूस लंबकासारखा झुलत कॉलमवर आदळतो.

बाहेरून प्लास्टर किंवा रंगकाम करताना वापरायच्या झुल्याचा नियम वेगळा. हार्नेस झुल्याला अडकवायचा नाही. गच्चीवरून स्वतंत्र उभा दोर सोडायचा, झुल्याच्या तारा ज्याला बांधल्या आहेत त्याहून वेगळ्या जागी बांधायचा, आणि त्यावर रोप ग्रॅब (झटका बसताच दोर पकडणारी चाप) लावून हार्नेस त्याला जोडायचा. झुला सुटला तर माणूस दोरावर राहतो. ग्रॅबवरचा बाण वरच्या दिशेला. उलटा बसवला तर तो पकडत नाही. कठड्याच्या कडेवर दोराखाली रबरी पाइप किंवा जाड गोणपाट घातलेच पाहिजेत. दोर माणशी एक. दोन रंगारी एका दोरावर दिसले तर ती बचत धोक्याची आहे.

आता जबाबदारी कुणाची, कारण ‘हार्नेस दिला होता, त्यानेच घातला नाही’ हे वाक्य अपघातानंतर ठरलेलं असतं. संहितेत कलम ६ प्रमाणे सुरक्षेसाठी केलेल्या किंवा दिलेल्या गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. पेटी (मुख्य ठेकेदाराच्या हाताखालचा) ठेकेदार पहिल्या पगारातून ‘बूट-बेल्टचे’ म्हणून कापतो, ते सरळ बेकायदेशीर आहे, आणि मुख्य ठेकेदाराने ते बिलांतून शोधून बंद करायला हवं. कलम ७ उत्पादक, आयातदार आणि पुरवठादारांवर येतं; म्हणजे बिननावाचा माल विकणारा दुकानदारही सुटत नाही. देखरेखीबद्दल जुना १९९६ चा कायदाही नि:संदिग्ध होता: सततची आणि पुरेशी देखरेख ही नियोक्त्याची जबाबदारी. नुसतं रजिस्टरवर अंगठा घेऊन किट वाटणं म्हणजे देखरेख नव्हे. सेफ्टी ऑफिसर पूर्वी ५०० कामगारांवर सक्तीचा होता, संहितेत बांधकामासाठी २५० वर. हा आकडा टाळायला मनुष्यबळ वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावांवर वाटून दाखवण्याची जुनी युक्ती आहे. मोठ्या मालकांनी आकडा न बघता माणूस नेमावा, आणि त्याला काम थांबवायचा अधिकार लेखी द्यावा. अधिकार नसलेला सेफ्टी ऑफिसर फक्त फोटो काढतो.

कामगाराचीही कर्तव्यं कायद्यात आहेत: स्वतःची आणि आसपासच्यांची काळजी, दिलेल्या साधनांचा वापर, धोका दिसला तर वरिष्ठाला कळवणं. पण हूक लावायला जागाच नसेल तर हे कर्तव्य तो पाळणार कसं?

दंडाचं गणितही पाहण्यासारखं आहे. जुन्या कायद्यात सुरक्षा नियम मोडल्याबद्दल जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चांगलं किट त्याहून महाग पडायचं! संहितेच्या कलम १०३ मध्ये कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा वेगळाच.

किटाच्या पाकिटात न येणारी पण खरेदीच्या यादीत हवीच अशी गोष्ट म्हणजे सुटकेची सोय. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्ट्या रुततात, पायांतलं रक्त वर येत नाही, आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. ‘फायर ब्रिगेडला फोन करू’ हा आराखडा होत नाही. हार्नेसला पाय रोवायचे छोटे पट्टे लावून घ्या; किंमत किरकोळ, आणि शुद्धीत असलेला माणूस त्यांवर उभा राहून मांड्यांवरचा भार कमी करतो. त्याच्या जोडीला उतरवण्याचं किट, ते कुणाच्या ताब्यात आहे ते नाव, आणि वाळूचं पोतं टांगून घेतलेला सराव. रात्रपाळीत त्या किटची किल्ली असलेला माणूस साइटवर असतो का, एवढं विचारलं तरी बहुतेक आराखड्यांचा दम कळतो.

टिकाऊपणाबद्दल: पॉलिएस्टर ऊन बऱ्यापैकी सोसतं, पण सिमेंटचं क्षारीय पाणी त्याला मानवत नाही, आणि सुकलेले कण पट्टीच्या विणीत घुसून आतून धागे कापतात. आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात, हलक्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. डिझेल, थिनर, पेंट लागलेली पट्टी बाद. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली काळी, कडक टिंबं बोटांना लागतात. पट्टी उलटी दुमडून बोट फिरवा, डोळ्यांना न दिसणारं कापलेपण तिथे उघडं पडतं. रोज वापरणाऱ्याने अंगात घालण्याआधी पाहायचं, आणि जाणकार माणसाने दर तीन महिन्यांनी नोंदीसह तपासून त्या तिमाहीच्या रंगाचा टॅग लावायचा. बनवणाऱ्याने सांगितलेली मुदत संपली तर चांगला दिसला तरी बाद.

ज्यावर कुणी एकदा पडलं, तो हार्नेस आणि ती लॅनयार्ड पुन्हा वापरायची नाही. फॉल इंडिकेटरचा, म्हणजे पडल्याची खूण दाखवणारा, टाका फाटलेला असो वा नसो. बाद माल भंगारात आख्खा देऊ नका, तो शेजारच्या साइटवर कुणाच्या तरी अंगावर उगवतो. खांद्याच्या आणि मांडीच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या, लेबलचा तुकडा रजिस्टरला चिकटवायचा, आणि मगच स्टोअरमधून नवा द्यायचा.